घोडी नाचेपर्यंत

वरचे पुढचे दोन दात काढले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता नवे बसवू, हिरोसारखे दिसाल." बायको खूश झाली. मी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिलो. क्लॅरिनेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते वरच्या दातांवर टेकतं आणि तिथूनच सूर ताब्यात राहतो. माझे नेमके तेच दात गेले होते.

पिंप्राळ्यातल्या आमच्या बँडमध्ये मी तरुणपणापासून क्लॅरिनेट वाजवतो. बँडचे मालक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते घरी येऊन मायेनं म्हणाले, "आराम कर भो. कीबोर्डमा तुना क्लॅरनेट शे ना." आमच्या कीबोर्डवाल्याकडे एक बटण आहे. ते दाबलं की क्लॅरिनेटसारखा आवाज येतो. सर्दी झालेल्या क्लॅरिनेटसारखा, पण वरातीत कोण बघतंय? नानांनी चहा पिऊन निरोप घेतला. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, आणि पहिलंच लग्न सावद्याचं होतं. तिथं बटण चाललं, की मग मला कोण बोलावतंय?

नवे दात बसले. छान बसले. मी हसताना तोंडावर हात धरू लागलो आणि क्लॅरिनेटची पेटी कपाटावरून खाली काढली नाही.

अशात माझी भाची आली. धुळ्याच्या बहिणीची मुलगी, पुण्यात संशोधन करते. वाजवणारे लोक शिकतात कसे, वाजवताना त्यांच्या शरीराचं काय होतं आणि या धंद्यात ती माणसं सुखी असतात का, असा तिचा विषय. मी म्हटलं, यावर सरकार पगार देतं? ती हसली आणि माझ्या छातीला एक पट्टा बांधला. त्यानं काळजाचे ठोके मोजता येतात म्हणे. मग प्रश्न सुरू.

"मामा, वाजाडीसन तुमले कसं वाटस?"

"भूक लागस," मी म्हणालो.

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. मग विचारलं, "आणि दात बसल्यापासून?" मी चहाचा कप उचलून आत गेलो. पोरगी हुशार. कपाटावरच्या पेटीवरची धूळ तिनं आल्याआल्याच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, नवशिक्यासारखं शिका. थोडंच वाजवा, आरशात बघून वाजवा, थकायच्या आत थांबा. आणि पहिल्यांदा अशा कुणासमोर वाजवा, जो नावं ठेवणार नाही. आमच्या कॉलनीत असा माणूस मिळणं कठीण. पहिला सूर काढला तेव्हा शेजारच्या अक्कांनी खिडकीतून विचारलं, कुकर बिघडला का?

राहिली नानांची घोडी. नवरदेवाला मिरवणारी, पांढरी, गर्विष्ठ. कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर बांधलेली असते. वरातीत माझं क्लॅरिनेट ऐकलं की ती पुढचे पाय उचलून अशी नाचते की नवरदेवाचा फेटा तिरका होतो. मी लुंगीवर तिच्यासमोर उभा राहून वाजवू लागलो. ती कडबा खात राहिली.

रोज हेच. माझा सूर हळूहळू सरळ होत होता, निदान अक्का आता कुकरबद्दल विचारत नव्हत्या. पण घोडी ढिम्म. संध्याकाळी बायको विचारी, "आज काय म्हनस घोडी?" ती थट्टा करायची आणि माझा जीव जळायचा. घोडीला फसवता येत नाही, तिला बटण आणि क्लॅरिनेट यातला फरक कळतो, ती ओळखत नाही म्हणजे माझा सूर गेला. मी भाचीला सांगून टाकलं, सावद्याला मी येत नाही.

ती बराच वेळ घोडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, लगीनमा तुमी एकदम सुरू करतस का? आधी ढोल राहस ना?"

मी कपाळाला हात लावला. आमच्या बँडची रीतच तशी आहे. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोडीवर बसला की ढोल-ताशा जोरात वाजतो, मग एकदम थांबतो, आणि त्या शांततेत क्लॅरिनेट एकटं उठतं. घोडी वाट बघायची ती त्या थांबण्याची. इतकी वर्षं वाजवलं, पण ते तिच्या कानानं कधी ऐकलंच नव्हतं.

भाचीनं शेजारच्या बांधकामावरून घमेलं आणलं आणि काठीनं बडवू लागली. पुण्याचं सगळं शिक्षण त्या घमेल्यावर. मग थांबली. मी सूर लावला. घोडीनं कडबा टाकला, मान वर केली आणि उजवा पाय उचलला. अक्का खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या. मी वाजवता वाजवता रडलो, आणि रडताना क्लॅरिनेट वाजत नाही, तेव्हा थांबून रडलो.

मी येतोय, असं नानांना कळवलं. सावद्याला केळीच्या बागांकडून गार वारा येत होता. अंगात लाल कोट, आत छातीला पट्टा. मारुतीसमोर ढोल थांबला. माझा पहिला सूर चिरकला, मी ऐकला, नानांनीही ऐकला. दुसरा बसला. घोडी नाचली आणि नवरदेवाचा फेटा तिरका झाला. नाना कीबोर्डवाल्याकडे वळून म्हणाले, "तुनं ते बटन आते बंदच ठेव."

पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. भाची शेजारी बसली आणि तिनं परत तोच प्रश्न विचारला, वाजवून कसं वाटतं. मी तोंडभर हसलो. सगळे नवे दात दिसले असतील. हात बट्टी कुस्करण्यात गुंतला होता, तोंडावर न्यायचं सुचलंच नाही.

"भूक लागस," मी म्हणालो. ती लिहायला लागली तसं तिला थांबवलं. "आनि लिख, माले आजून वाजाडनं शे."