गुरुवारचा घास

माझे वडील शिकायला ठाण्यात आले तेव्हा वार लावून जेवले. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं करत आठवडा काढायचा. आता ही पद्धत कुणाला माहीतही नाही, आणि ती काही फार गोड होती असंही नाही. पण गेल्या वर्षी मी ती नौपाड्यात पुन्हा सुरू केली आणि त्याचा मला चांगलाच गर्व झाला होता. पुढचं सगळं त्या गर्वापायी झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर मी घराजवळच्या एका अभ्यासिकेची किल्ली सांभाळतो. सकाळी उघडायची, पंखे लावायचे, मोबाइलवर बोलणाऱ्यांवर खेकसायचं. तिथे एक एकोणीस वर्षांची मुलगी यायची. बारावीला बाहेरून बसणार होती. पहाटे वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसची साफसफाई करून दहाला हजर, मग सहापर्यंत खुर्ची सोडायची नाही. एकला बाकीची पोरं डबे उघडायची, तेव्हा ही बाटलीभर पाणी पिऊन पुन्हा पुस्तकात. चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी विचारलं, "काय गं, डबा कुठाय?"

"काका, डबा करायला घर लागतं ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती दिली. बालगृहात वाढलेली, अठरा पूर्ण झाली तशी बाहेर पडलेली. एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नाही, म्हणून माजिवड्याच्या पुलाखाली राहते. तिच्यासारखीच आणखी सहा-सात जणं तिथे आहेत.

मी सहा घरं जमवली. रविवारी अभ्यासिका बंद असते. गुरुवार माझा. गुरुवारी मला उपास असतो, तो रात्री आरती झाल्यावर सोडतो. त्यामुळे दुपारी फक्त तिच्यासाठी रांधायचं आणि समोर बसून राहायचं. बायको गेल्यावर शिकलेला स्वयंपाक माझा; वरण बरं होतं, पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं. नियमही मीच केला: पानावर बसून पोटभर जेवायचं, बांधून काही न्यायचं नाही. "ही काय खानावळ आहे का?" असं बाकीच्या पाचही घरांत ठणकावून आलो.

पहिल्याच गुरुवारी तिनं जेवायला लागण्याआधी पोळीचा तुकडा तोडला, त्यात भाजी घातली, नीट दुमडला आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. मी बघतच राहिलो. आमच्याकडे वडील चित्राहुती घालायचे. जेवणाआधी देवाचं नाव घेऊन ताटाबाहेर चार शितं ठेवायची. माझ्या मुलाला हा शब्दसुद्धा ठाऊक नसेल. आणि ही पोर, ना घर ना दार, पहिला घास बाहेर काढते! मला अगदी भरून आलं. तिचं जेवण होताच मी तो घास उचलला, गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि हात जोडले. कावळा आला, घेऊन गेला. ती बेसिनपाशी हात धुता धुता हे सगळं बघत होती.

मग दर गुरुवारी हेच. ती घास काढायची, मी तो कावळ्याला द्यायचो. अभ्यासिकेत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, जिथे तिथे मी सांगत सुटलो, "अध्यात्म शिकायचं तर या पोरीकडून शिका. प्रवचनं कसली ऐकताय!" लोक माना डोलवायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझं, असं मी धरून चालायचो.

असे चार महिने गेले. मग एका शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. फोन बंद. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकेका घरून मला विचारणा. मी आधी चिडलो. अरे, निरोप द्यायला काय जात होतं? गरज सरो, वैद्य मरो! गुरुवारी तरीही हट्टानं स्वयंपाक केला. एक वाजला, दोन वाजले, तसा राग उतरला. पाच वाजता सगळं डब्यात भरलं आणि माजिवड्याला रिक्षा केली.

पुलाखाली दोन खांबांच्या मधे पुठ्ठे आणि चादरी नीट अंथरलेल्या होत्या. ती खांबाला टेकून बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर पुस्तक. मला पाहून उठायला लागली. "बस खाली!" मी ओरडलो. गेल्या गुरुवारी रात्री ती झोपेत असताना एका मोटारसायकलवाल्यानं ट्रॅफिक चुकवायला गाडी आत घातली आणि चाक हिच्या पायावरून गेलं. फोनचाही चुरा झाला.

"पण तू रस्त्याच्या कडेला झोपलीसच कशाला?"

ती पुस्तकात बघत राहिली. उत्तर शेजारच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं दिलं. "काका, गुरुवारी ही कडेलाच असते. आपल्याकडे सिस्टम आहे ना. जो कुठेपण जेवला, त्याने एक घास आणायचा. सगळ्यांचे घास एका ताटात. ज्याला दिवसभर काय नाय भेटलं, ताट त्याचं. आणि जेवून आला, घास नाय आणला, तर त्याला मधली जागा नाय. रोडच्या साइडला झोपायचं. ही गुरुवारी जेवून येते आणि हात हलवत येते."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिच्यावरच चिडलो. दुसरं काय सुचणार? "अगं, मग मला बोलायचं नाही का? तो घास मागून घ्यायचा!"

"तुम्ही तो देवाला देत होतात, काका. देवाला दिलेलं परत कसं मागणार?"

"मग दुसरा न्यायचा!"

"बांधून न्यायचं नाही, म्हणाला होतात."

"आणि बाकीच्या घरी?"

"तिथे काकू स्वतःच कागदात गुंडाळून देतात." म्हणजे माझा नियम माझ्याशिवाय कोणीच पाळत नव्हतं.

"निदान इथे तरी सांगायचं, आज जेवले नाही म्हणून! कोण बघायला येणार होतं?"

तिनं मान वर केली. "मग ताट मला दिलं असतं त्यांनी. आणि जो खरंच उपाशी, तो राहिला असता ना."

सोळा-सतरा गुरुवार मी कावळ्यांची पोटं भरली, आणि त्यातली प्रत्येक रात्र या मुलीनं गाड्यांच्या कडेला काढली. मला स्वतःची किळस आली.

दिवे लागले तशी बाकीची मुलं परतली. एक स्टीलचं ताट मधे आलं. त्यात अर्धा वडापाव पडला, बिर्याणीची चिमूट पडली, सुकट लावलेला भाकरीचा तुकडा पडला. तिनं माझा डबा उघडला, पहिला घास काढून ताटात ठेवला. न सांगता त्या पोरानं गुरुवारच्या सवयीनं कडेला टाकलेली तिची चादर ओढून मधे अंथरली. मग विचारलं, "आज कोण राहिलं?"

कोणीच राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "काका राहिलेत. गुरुवारी ते जेवत नाहीत."

"अरे, तो उपास आहे माझा!" मी म्हणालो.

"म्हणजे जेवला नाय ना? मग ताट तुमचं." ताट माझ्यासमोर आलं. आयुष्यभर मी कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही आणि मासळी तर घरात आणलेली नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. ताट संपल्याशिवाय कोणी उठणार नव्हतं. मी मांडी घातली आणि सगळं खाल्लं, सुकटीसकट. आरती त्या दिवशी राहिली.

तिचा पाय आता बरा आहे. परीक्षाही झाली. गुरुवारी मी घास कागदात बांधून देतो आणि ती मधल्या जागेत झोपते. कट्ट्यावर कोणी अध्यात्माचं काढलं की मी गप्प बसतो. माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. मुलगा परदेशातून दोन वर्षांनी एकदा, पंधरा दिवसांसाठी येतो, त्याच्यासाठी पलंग घातलेला असतो, चादर मी दर आठवड्याला झटकतो. त्या पुलाखालच्या कुणी मला कधी विचारलं नाही की काका, तुमच्याकडे खोल्या किती. तिनंही नाही. ‘राहायला येतेस का’ हे मीच तिला विचारायला हवं, आणि मी अजून विचारलेलं नाही.