गोष्ट कोकणापर्यंत पोचलीच नाही

सकाळी फोन वाजला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. "मावशी, ममी गेली." एरवी अर्धंअधिक इंग्रजीत बोलणारा जोएल, पण एवढं मात्र मराठीत म्हणाला... त्याची आई, माझी मैत्रीण रिबेका, जाऊन आता दीड महिना झाला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वर्षभराची आशा दाखवली होती, म्हणून तिचा नवरा पुन्हा जहाजावर रुजू झाला होता. तो पोचला तो थेट दफनभूमीवरच.

आमची ओळख इथली, परदेशातली, पासिर रिसच्या बाजारातली. मासळीवाल्याशी खुणा करत करत एक बाई वैतागून स्वतःशीच पुटपुटली, "अरे बाबा, खवलं असलेला दे!" मी चमकून पाहिलं. बिनखवल्याचा मासा त्यांच्या धर्मात चालत नाही, हे तिनं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. ती अलिबागकडची ज्यू, मी रेवदंड्याची. मुंबईत ती शाळेत इतिहास शिकवायची. त्या दिवसापासून तिचं स्वयंपाकघर हे माझं माहेर झालं.

यंदा जोएलच्या वर्गात महायुद्धाचा धडा झाला. मधल्या सुट्टीत एक मित्र त्याला इथल्या ढंगात सहज म्हणाला, "एवढे सगळे तुमच्या मागे लागले, मस्ट हॅव डन समथिंग लाह." पोरगा घरी आला, दप्तरसुद्धा न उतरवता त्यानं आईला विचारलं, "व्हॉट डिड वी डू?" मी समोरच बसले होते. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, तरी रिबेका ताठ बसली. म्हणाली, "बस. पहिल्यापासून सांगते."

मग रोज संध्याकाळी थोडं थोडं ती मराठीत सांगायची. येशूला मारल्याचा ठपका एका अख्ख्या जमातीवर कसा ठेवला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेतून, चित्रांतून मुलाबाळांच्या मनात कसा उतरला. युरोपात ज्यूंना जमीन घेऊ देत नसत, कारागिरांच्या संघात शिरू देत नसत. व्याजाचा धंदा तेवढा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला, आणि पुढे त्याच धंद्यावरून शिव्या घातल्या. प्लेग आला की म्हणायचे, यांनीच विहिरीत विष कालवलं... जोएल ऐकता ऐकता लहान लहान होत जायचा. एकदा म्हणाला, "ममी, शाळेत नुसतं इंडियन म्हणून सांगू? कॅन?" ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

तिला पुन्हा हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, पोराला एवढं वाईट कशाला ऐकवतेस?" तिला धाप लागली होती, तरी हसली. "त्यानं विचारलं तेच आधी सांगायला हवं ना. आपलं कोकण शेवटी ठेवलंय गं. गोड शेवटी. घरी गेले की सांगते."

ती घरी आली नाही. मुलाच्या कानात राहिल्या त्या विषाच्या विहिरी.

गेल्या शुक्रवारी मी डबा घेऊन गेले. जोएल म्हणाला, "आफ्टर दॅट व्हॉट हॅपन्ड, मावशी? तिनं पूर्ण नाही केलं." मग मीच सांगितलं, त्याला नीट कळावं म्हणून इंग्रजीत. शेकडो वर्षांपूर्वी जहाज फुटून आमच्या किनाऱ्याला लागलेले त्याचे पूर्वज, त्यांचे तेलाचे घाणे. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आणि त्या दिवशी कुणी तेल मागायला गेलं नाही.

"दॅट्स ऑल? कुणी त्यांना काही केलं नाही?"

"नाही रे. शेजारी होते ते."

तो म्हणाला, "देन व्हाय शी स्टार्ट विथ द बॅड पार्ट?"

"तिला वाटलं, वेळ आहे..."

तो उठला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. संध्याकाळी ती तिथंच बसायची. "परत सांग. मराठीत. ममीसारखं."

मी सुरुवात केली. पण शनिवारपाशी आले, आणि वाटलं, हे गोड तिनंच सांगायचं होतं. मी परत पहिल्यापासून सुरू केलं...