भाचेजावयाच्या बदल्यात डावखुरा

आमच्या मामेसासऱ्यांइतका लांबचा विचार करणारा माणूस उभ्या बंगळुरात दुसरा नसेल. आपण उद्याच्या भाजीपर्यंत पोचतो तोवर मामा पाच वर्षं पुढं जाऊन बसलेले असतात. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जयनगरच्या घरामागं फणसाचं रोप लावलं आणि फळं धरल्यावर शेजारी कुणाला किती फणस द्यायचे यावरून मामींशी वाद घातला. मामी म्हणाल्या, "आधी दोन पानं तरी येऊ देत की." मामा मूळचे निपाणीकडचे. नोकरीसाठी इथं येऊन त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'सरी' म्हणजे 'ठीक' आणि समोरचा कुणीही असला तरी तो 'अण्णा'.

मामी गेल्या त्या वर्षी मी महादेवपुऱ्यातल्या माझ्यासारख्याच काही पुण्या-मुंबईच्या नोकरदारांबरोबर दर रविवारी बेसबॉल खेळत होतो. खेळत होतो म्हणजे हरत होतो. शहरात असे पाच-सहा हौशी संघ होते, आणि आमच्याशी सामना असला की समोरचे लोक जेवायला घरी वेळेवर पोचत. मामांनी दिवसभर घरात एकटं बसू नये म्हणून बायकोनं एकदा त्यांना माझ्याबरोबर धाडलं. कॉलेजात ते स्वतः बेसबॉल खेळले होते, हे मला त्या दिवशी कळलं.  परतताना गाडीत म्हणाले, "जावईबापू, ही टीम दुरुस्त होणार नाही. पाडून नवी बांधायला पाहिजे. तीन वर्षं लागतील." पुढच्या रविवारी ते एक वही घेऊन मैदानात हजर झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नाही.

तयार खेळाडू मामांना नको असे. पुढं तयार होईल असा माणूस हवा, आणि तो कुठंही सापडू शकतो यावर त्यांचा विश्वास. चिकपेटात भाचीसाठी साडी घ्यायला गेले असताना दुकानातला एक माणूस कापडाची थानं खालून माळ्यावर फेकताना त्यांना दिसला. प्रत्येक थान वरच्याच्या हातात अचूक जात होतं, तेही हा गिऱ्हाइकाशी बोलत असताना. मामा अर्धा तास पाहत राहिले आणि साडी न घेता विचारलं, "अण्णा, रविवारी काय करता?" बेसबॉल हे नावही न ऐकलेला तो मंजुनाथ वर्षभरात आमचा सगळ्यात भरवशाचा फेकणारा झाला. संघात आलेल्या प्रत्येकाकडून मामा वहीत लिहून घेत, की पाच वर्षं बंगळूर सोडणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माणसं मोबाइल जुना व्हायच्या आत नोकरी बदलतात. सगळे हसले आणि सह्या केल्या.

मग मामांची नजर दुसऱ्या संघातल्या एका डावखुऱ्या पिचरवर गेली. नागपूरचा, चोविशीतला, अबोल. त्याचा चेंडू वेगात यायचा, पण कुठं जाईल याचा नेम नसायचा, म्हणून ते त्याला बसवूनच ठेवत. बदल्यात त्यांना एक बॅटर हवा होता. मामांनी मलाच देऊन टाकलं. आमच्याच घरी जेवताना, वरणाची वाटी पुढं ओढत त्यांनी सांगितलं, "जावईबापू, पुढच्या रविवारपासून तुम्ही त्यांच्याकडून."

बायकोचा हात पळीवर थांबला. "मामा, तुम्ही जावयाला देऊन टाकलंत?"

"देऊन कसं? बदल्यात डावखुरा मिळाला की," मामा मनापासून म्हणाले. "ह्यांचं वय चाळीस. त्याचं चोवीस. तूच सांग."

तिनं वरणाची वाटी त्यांच्यापुढून उचलून माझ्याकडे सरकवली. मी हसलो खरा, पण आठवडाभर आतून दुखत होतं. मी बरा खेळत नाही हे मलाही ठाऊक होतं. ते माझ्याच ताटासमोर कुणी म्हणालं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. मी बॅट घेऊन उभा राहिलो, आणि डावखुऱ्यानं मला तीन चेंडूंत परत पाठवलं. मामांच्या संघाच्या बाकावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा तेवढे चपलेचा अंगठा चाचपत बसले होते. संध्याकाळी जिंकल्याचे पेढे घेऊन आमच्या घरी आले आणि म्हणाले, "तुम्हाला बाद झालेलं बघवलं नाही हो. पण टाकला छान." तेव्हा माझा राग गेला.

दोन महिन्यांनी तो डावखुरा मामांच्या घरी आला. मी तिथंच होतो. "मामा, नागपुरात नोकरी मिळालीय. आई एकटी असते तिकडं," एवढं बोलून तो वहीकडे पाहत उभा राहिला. करारातली तीन वर्षं अजून बाकी होती. मामांनी पान काढलं, त्याच्या सहीवर हळूच रेघ मारली. "सरी. आईला सोडून चेंडू काय टाकायचे? जा. खांद्याला तेल मात्र लावत जा."

आम्ही दोघं त्याला मेट्रोपर्यंत सोडून आलो.  परतताना मामा म्हणाले, "तुमच्या मामी गेल्या तेव्हा पुढं काय बघायचं तेच कळेना. वहीत पाच वर्षं लिहिली, की तेवढी तरी दिसायची." रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. यापूर्वी कधी धरला नव्हता. पलीकडे गेल्यावरही हात तसाच होता, आणि डावखुऱ्याच्या जागी कुणाला तयार करायचं, त्याला किमान तीन वर्षं कशी लागतील, हे ते सांगू लागले होते. मी पावलं त्यांच्याइतकी सावकाश केली आणि विचारलं, "आणि चौथ्या वर्षी, मामा?"