आठ दिवसांनी निम्मं

आमच्या वाशीमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा. अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी नवरीला आधी नाव विचारलं, पत्रिकेशी ताडून पाहिलं आणि मगच हार घातला. औषधाची प्रत्येक बाटली ते हुंगून बघत. "लेबलावर कोनीबी काईबी लिवते," म्हणत. मी तिथं कारकून. सकाळी नमस्कार केला, की "आज काहून?", म्हणजे आजच का, असं विचारायचे. मला रागही यायचा.

आणीबाणीच्या आधीच्या एका उन्हाळ्यात शेलूबाजारची एक सून त्यांच्याकडे आली. गळ्याच्या गाठीसाठी तिला नागपूरला किरणोत्सारी औषध पाजलं होतं आणि तीन आठवडे लेकरापासून लांब राहायला सांगितलं होतं. दोन महिने झाले तरी सासू तिला घरात घेईना. ती गोठ्यात निजायची. तीन वर्षांची पोर आधी लांबून रडायची, आता रडायचीही थांबली होती.

"तीन हप्ते भरले म्हून सांगतो, पन आयकतच नाहीत, भाऊ," ती म्हणाली.

कंपाउंडरांनीही ऐकलं नाही. त्यांनी नागपूरला पत्र टाकलं: औषध किती, कोणत्या दिवशी, किती वाजता, पाजताना समोर कोण? उत्तर आलं, तर खात्रीसाठी दुसरं पत्र टाकलं. त्यात आणखी तीन आठवडे गेले. मग वहीत रकाने आखले. या औषधाचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. ते हजारावा हिस्सा उरेपर्यंत दहा वेळा निम्मं करत गेले आणि प्रत्येक वेळी मला उलटा गुणाकार करायला लावला.

वही घेऊन आम्ही एसटीनं शेलूबाजारला गेलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "वही काय दाखोता? तिच्या अंगात विजेचं औषध हाये."

कंपाउंडरांनी वही मिटली. "पोरी, तुह्या हातचा चहा पाज मले."

कुणाच्या घरी पाणीही न पिणाऱ्या, संशयासाठी शेलूबाजारपर्यंत प्रसिद्ध असलेल्या त्या माणसानं गल्लीदेखत कपभर चहा प्यायला.

"हा मानूस देवाच्या तीर्थालेबी शंका काहाडते," सासूबाई पुटपुटल्या आणि नातीला म्हणाल्या, "जाय व माय, आईपाशी."

पोर जाईना. बऱ्याच वेळानं तिनं एका बोटानं आईच्या हाताला शिवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"घाई करू नोका," कंपाउंडर हळूच म्हणाले. "पाहू द्या तिले."

मग ती मांडीत शिरली.

कंपाउंडरांना जाऊन बरीच वर्षं झाली. या संशयी माणसाचा मला केवढा आधार वाटायचा, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं, तरी त्यांना ते पटलं नसतं.