निघोजच्या रांजणातली गार

“गार! गार!” सरू खालून ओरडत होती आणि मी बसल्या जागेवरून सांगत होते, “सापडली ना? मग ये घेऊन.”

सरू स्वतःच पाण्यात पडली होती. थंड पाणीही आमच्यात गार आणि खडकातला पांढरा चमकता दगडही गारच. पुढची हाक गुळण्या भरल्यासारखी आली, तेव्हा मी उठले.

सरू माझी धाकटी जाऊ. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी नगरचा चांदबिबी महाल पाहिला. नाव चांदबिबीचं, आत कबर भलत्याचीच. पण वरचा वारा फुकट आणि चांगला. सकाळी एसटीने पारनेरवरून निघोजला आलो. कुकडी नदीने इथे काळा खडक कोरून रांजणखळगे (रांजणासारखे खोल खड्डे) केले आहेत. माणसाने कोरलेल्या लेण्यांपेक्षा मला हे आवडले. सरूला एका रांजणाच्या कडेला गार चमकताना दिसली. “नातीला नेते,” म्हणत ती वाकली. मी गुडघे धरून लांब बसले होते.

आता त्या रांजणात तिचं डोकं तेवढं वर होतं. कडा गुळगुळीत, बोटं ठरेनात. मी बोंब मारली.

शेजारी धुणं धूत असलेली एक बाई धावत आली, शेवंता हे नाव नंतर कळलं. मी पदर सोडायला लागले, तशी ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आजी, तुमची पाचवारी फाटंल. ह्ये घ्या.” वाळत घातलेलं नऊवारी लुगडं तिने ओढलं, पीळ घातला, टोक आत सोडलं. “काखंतनं घ्या, मावशी! सासूचं हाय, सासूवानीच चिवट. तुटायचं न्हाई!”

आम्ही दोघी पालथ्या पडून ओढत राहिलो. सरू कडेपर्यंत आली आणि एकच हात वर केला.

“दुसरा हात दे की गं!”

“त्यात गार हाय.”

“टाक ती!”

टाकली. मग वर आली.

शेवंताने आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. सरूला तेच सासूचं लुगडं नेसायला दिलं. परत कसं पाठवू विचारलं, तर म्हणाली, “धुऊन आना, त्या निमतानं परत याल.” देवळात हात जोडते तसे मी तिला जोडले. तिला ते आवडलं नाही.

एसटीत सरू खिडकीशी बसली. लुगडं तिला आखूड होत होतं. नातीसाठी काहीच नव्हतं. आजी होती.