चौदाव्या ओळीमागची जागा

स्टेडियम बांधायचं म्हटलं की लोकांना क्रेन दिसते, लोखंडाचे सांगाडे दिसतात, काँक्रीटच्या गाड्या दिसतात. ताईंच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्यांच्या वाट्याला आल्या पायऱ्या. फुटबॉलची मैदानं आखून देणाऱ्या एका ऑफिसात त्या एकोणतीस वर्षं ड्राफ्ट्समन होत्या आणि प्रेक्षक ज्यांच्यावर बसतात त्या पायऱ्यांचे नकाशे काढत होत्या. आधी शाईच्या पेनने, मग कॉम्प्युटरवर. मोठे साहेब वयाने त्यांच्या पुढचे, पण तेही त्यांना ताईच म्हणत.

पायरीचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. मागच्या माणसाच्या डोळ्यातून निघालेली नजर पुढच्याच्या टाळूवरून चार बोटं वरून जायला हवी आणि मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर टेकायला हवी. चाराची दोन बोटं झाली की मागचा माणूस दीड तास बगळ्यासारखी मान करून बसतो. चाराची सहा झाली की पायऱ्या इतक्या उभ्या होतात की उतरताना देव आठवतो. या दोहोंमधली वाट शोधता शोधता ताईंचा चष्मा तीनदा बदलला, मानेला पट्टा लागला आणि पाच मैदानं उभी राहिली. पाचांतल्या एकातही त्यांनी सामना पाहिला नव्हता. पास मिळायचे, ते त्या वाटून टाकायच्या. सुट्टीच्या दिवशीही पायऱ्याच बघायला कोण जाणार?

सहावं मैदान मात्र त्यांच्याच गावात व्हायचं होतं, जुनं मैदान पाडून त्याच जागी.

ताईंचे यजमान लेथवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्या जुन्या मैदानाच्या कडेने पंचांचा झेंडा घेऊन पळायचे. बावीस वर्षं पळाले. गल्लीत त्यांना झेंडेवाले हेच नाव पडलं. मग मणक्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि गाठीबरोबर पायांतली ताकदही गेली. चाकाच्या खुर्चीला आता सहा वर्षं होत आली होती. सकाळी त्यांना उठवायचं, बसवायचं, आवरायचं, मग ऑफिस गाठायचं, आणि परत आल्यावर तेच उलट्या क्रमाने करायचं, असा ताईंचा दिवस होता. त्या देवाला फारसं काही मागत नसत. आजचा दिवस निभला, उद्याचा निभव, एवढंच त्यांचं त्याच्याशी बोलणं.

जुनं मैदान पाडलं त्या दिवशी झेंडेवाले जेवताना म्हणाले, "नव्यात माझ्यापुरती जागा ठेव म्हणजे झालं. एक सामना डोळ्यांनी बघायचाय. टीव्हीवर चेंडू दिसतो, खेळ दिसत नाही."

आजारपणानंतर त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ताईंचा घास हातातच राहिला.

"ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "चौदाव्या ओळीच्या मागे."

आणि ती खरंच ठेवलेली होती. चारही बाजूंना चौदाव्या ओळीमागे चाकाच्या खुर्च्यांसाठी एक रुंद, सपाट ओटा होता, एकेका बाजूला चाळीस खुर्च्यांचा. पुढच्या ओळीपासून तो कमरेइतका उंच होता. कमरेइतकाच का, असं कुणी विचारलं असतं तर ताईंना सांगता आलं नसतं. तो चौथ्या मैदानाच्या नकाशातून पाचव्यात आला होता आणि पाचव्यातून सहाव्यात. त्या ऑफिसात असंच चाले. जमून गेलेला भाग उचलायचा आणि नव्या कागदावर ठेवायचा. ज्याने तो पहिल्यांदा काढला तो गृहस्थ निवृत्त होऊन केव्हाच देवाघरी गेला होता. आणि नकाशात माप लिहितात, माप का ते लिहीत नाहीत.

इथेच घोळ झाला. क्लबवाल्यांना दोन हजार खुर्च्या वाढवून हव्या होत्या, पण छप्पर वर जायला नको होतं. बैठकीत त्यांच्या माणसाने नेमकं ओट्यावर बोट ठेवलं. "ही एकच पायरी एवढी उंच कशाला?"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी नकाशाकडे पाहिलं.

"आधीपासून तशीच आहे," त्या म्हणाल्या.

हे काही उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण दुसरं सुचेना. मग ओटा कमरेवरून गुडघ्यावर आला, त्याच्या मागच्या ओळी खाली सरकल्या आणि छपराखाली दोन ओळी जास्तीच्या मावल्या. क्लबवाले खूश, मोठे साहेब खूश.

नियमाप्रमाणे तपासणी झाली. ऑफिसमागच्या गोदामात प्लायवूडच्या खऱ्या मापाच्या पायऱ्या ठोकल्या, त्यांवर खुर्च्या मांडल्या, जमिनीवर चुन्याचा पट्टा ओढला. साइटच्या इंजिनिअरने ऑफिसातल्या आठ जणांना पुढच्या ओळीत बसवलं, ओट्यावर एकाला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या डोळ्यापासून पट्ट्यापर्यंत दोरी ताणली. "हलू नका हं," तो सांगत होता, आणि माणसं फोटोला बसल्यासारखी बसली होती. दोरी डोक्यांवरून पाच बोटं वरून गेली. चार लागत होती, पाच मिळाली.

नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. मधली ताईंची. दोनशे बारा कागद होते आणि बदलांची ती तिसरी खेप होती. त्या आठवड्यात घराच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, झेंडेवाल्यांना ताप होता, आणि ताई रोज तीन मजले चढून औषध नेत होत्या. सह्या करताना हात ऑफिसात होता, जीव घरी होता. दोनशे बाराच्या दोनशे बारा कागदांवर त्यांनी 'तपासले' मध्ये सही केली.

पुढे क्लबला माहितीपुस्तकासाठी फोटो हवा झाला. ओट्यावर चाकाच्या खुर्चीतला खराखुरा माणूस पाहिजे होता. मोठे साहेब म्हणाले, "ताई, मिस्टरांना आणता का? त्यांनाही जरा बाहेर पडल्यासारखं होईल."

निघताना खालच्या मजल्यावरची जाऊ खुर्चीला हात लावायला वर आली. ताईंच्या दाराच्या उंबऱ्यावर सहा वर्षं एक डुगडुगणारी फळी टाकलेली होती. तिच्यावरून खुर्ची उतरवताना जाऊ म्हणाली, "वीस-वीस हजार माणसांना बसवतेस बाई, पण घरचा उंबरा काही तुझ्याने होईना."

"दिव्याखाली अंधार," झेंडेवाले म्हणाले. "आणि वहिनी, तुम्ही ढकलताय की लोटून देताय?"

गोदामात त्यांचं चांगलं स्वागत झालं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. ओट्यावर बसून त्यांनी चुन्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने चालून पाहिला. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती. पुढच्या ओळीत तेच आठ जण बसले. फोटो निघाले.

"कसं वाटतं, काका?" इंजिनिअरने विचारलं.

"झकास. आता गोल होऊ दे."

"म्हणजे?"

"म्हणजे गोल झाला असं समजा. शेवटचं मिनिट आहे, बरोबरीत आहात, आणि तुमच्या पोराने चेंडू जाळ्यात मारलाय. काय कराल?"

आठ जण हसले, आणि हसत हसत हात वर करून उभे राहिले. कुणीतरी शिट्टीही मारली.

झेंडेवाल्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग म्हणाले, "आता मला आठ कमरेचे पट्टे दिसतायत. डावीकडून तिसऱ्याचा तुटायला आलाय."

लोक पुन्हा हसले, आणि मग एकेक जण खाली बसला. ताई ओट्यापाशीच उभ्या होत्या. ओट्याची पायरी कमरेइतकी उंच का होती, ते त्यांना त्या क्षणी कळलं. माणसं उभी राहतात. गोलाला, पेनल्टीला, भांडणाला. ज्यासाठी माणूस सामन्याला जातो तो क्षण आला की पुढची माणसं उभी राहतात, आणि मागच्याला उभं राहता येत नसेल तर तो क्षण त्याचा नसतो. तपासणीत आठही जण बसून राहिले, कारण त्यांना तसं सांगितलं होतं. उभे राहा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, कारण त्या दिवशी गोदामात सामन्याला जाणारं कुणी नव्हतंच. सगळे पायऱ्या काढणारे.

परतताना टॅक्सीत झेंडेवाले खिडकीबाहेर बघत होते. "राहू दे," ते म्हणाले. "घरी टीव्ही आहे."

"तुम्हाला तिथेच बोलायची काय गरज होती?" ताई एकदम म्हणाल्या. "मला घरी सांगायचं होतं. चारचौघांत कशाला?"

"तू विचारलंच नाहीस कधी."

हे खरं होतं. सहा मैदानांत, आणि घरात कडेचा पंच असताना, त्यांनी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. ताईंना राग आला होता, आणि तो नवऱ्याचा नव्हता, पण शेजारी तोच बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. बसलं की उठवणार नाही अशी भीती वाटली.

"ओटा परत वर घ्यायला हवा," त्या म्हणाल्या.

"ताई, नियमाला धरून आहे सगळं. दोरी पाच बोटं वरून गेली."

"ती बसलेल्यांच्या डोक्यांवरून."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते. "तुमची सही आहे त्यावर."

"आहे ना. म्हणूनच आले. परत घ्यायची आहे."

"क्लब विचारेल, हे आधी का नाही दिसलं. काय सांगू?"

"माझं नाव सांगा. तपासले मी होते."

"दोन वर्षं राहिलीत तुमची," साहेब म्हणाले. दम देत नव्हते, हळहळत होते, आणि ते जास्त जड होतं. मग त्यांनी कारखान्याला फोन लावला. पायऱ्या साच्यात ओतून काँक्रीटच्या तयार येणार होत्या. कळलं ते असं, की पूर्वेच्या आणि उत्तरेच्या बाजूच्या ओतून झाल्या होत्या, वाळत पडल्या होत्या. पश्चिम आणि दक्षिण बाकी होत्या.

"दोन बाजू मी मागून घेतो," साहेब म्हणाले. "चारही नाही मिळणार, ताई. त्या तोडा म्हणालो तर ते मलाच तोडतील."

ताईंनी मान हलवली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं, आणि वाद घालून ओतलेलं काँक्रीट मऊ होत नाही. ऑफिसातून बाहेर पडताना जिन्यात त्यांनी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला थोडं जास्त मागितलं. काय मागितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दोन बाजूंचे नकाशे पुन्हा काढायला नऊ दिवस लागले. ओट्याच्या मापाशी त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: पुढची माणसे उभी राहतात, म्हणून. तपासणाऱ्या नव्या माणसाने विचारलं, हे कशाला? ताई म्हणाल्या, "असू दे. जागा खात नाही." 'तपासले'ची चौकट आता त्या नव्या माणसाकडे गेली होती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. एक दिवस कागद त्याच्या टेबलावर जायला लागले, एवढंच. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या ओट्यापुढच्या दोन ओळी विकू नका, असं पत्रही ताईंनी क्लबला धाडलं. उत्तर आलं, विचार करतो. ते विचारच करत राहिले.

मैदान दीड वर्षाने उघडलं. या वेळी ताईंनी पास वाटून टाकला नाही. पश्चिमेचा मागून घेतला. जाऊ, ताई आणि टॅक्सीवाला अशा तिघांनी मिळून झेंडेवाल्यांना उतरवलं, आणि उताराने वर नेता नेता ताईंना धाप लागली. हा उतारही त्यांनीच काढलेला. कागदावर तो बारा बोटं लांब होता.

ओट्यावर खुर्चीशेजारी सोबत्यासाठी एक साधी खुर्ची असते. ताई तिच्यात टेकल्या. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना दोनदा डुलकी लागली. लोक ओरडत होते, झेंडेवाले पुटपुटत होते, "अरे डावीकडे मोकळा आहे, डावीकडे," आणि ताईंची मान खाली जात होती. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. शेजारचं माणूस पुढे वाकून बसलं आहे, एवढं कळत होतं.

गोल झाला तेव्हा आधी आवाज आला. चौदावी ओळ उभी राहिली, तेरावी राहिली, सगळी बाजू उभी राहिली. ताई दचकून जाग्या झाल्या आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे वळल्या. ते लोकांच्या डोक्यांवरून खाली बघत होते. सरळ, मान न ताणता. गोल करणारा पोरगा कोपऱ्याकडे धावत चालला होता आणि झेंडेवाल्यांची नजर त्याच्याबरोबर धावत होती. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पुसले नाहीत, पुसायला वेळ नव्हता.

मग ताईंनी समोर पाहिलं. समोर पूर्वेची बाजू. तीही उभी होती. चौदावी ओळ कुठे असणार ते त्यांना पाठ होतं. खालून त्यांनी ओळी मोजल्या, चौदापर्यंत आल्या. तिच्यामागे ओटा दिसायला हवा होता. उभ्या माणसांच्या पाठीमागे काही दिसत नव्हतं.

"पाहिलंस?" झेंडेवाल्यांनी विचारलं. त्यांनी ताईंचा हात धरला होता. "अगं, पाहिलंस का?"

"हो," ताई म्हणाल्या. समोरची माणसं एकेक करून खाली बसेपर्यंत त्या तिकडेच बघत राहिल्या.