धम्मानंदचा एफ ड्राइव्ह

सेनगावला बसस्टँडसमोर धम्मानंदचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. मी शाळामास्तर, प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला तिथं जायचो आणि त्याच्या चिकित्सेला जाम वैतागायचो. पेनड्राइव्ह लावला की तो आधी कॉम्प्युटरनं त्याला कोणतं अक्षर दिलं ते बघणार, मग आत काय आहे ते बघणार, आणि वर विचारणार, "सर, हा तुमचाच ना?" अरे बाबा, आत्ता तुझ्या हातात दिला की! नेहमीच्या गिऱ्हाइकांना तर त्यानं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कायमची अक्षरं वाटून दिली होती. माझं एम, ग्रामपंचायतीचं एन, दूध डेअरीचं पी. ती भिंतीवर लिहूनही ठेवली होती.

पण आधी तो असा नव्हता. तो असा झाला ते माझ्या डोळ्यांदेखत, दोन हजार आठ साली.

कॉम्प्युटर आतल्या-बाहेरच्या प्रत्येक साठ्याला एक अक्षर देतो. धम्मानंदकडे सी आणि डी आतल्या डिस्कचे, ई सीडीचा, आणि बाहेरून जे पहिलं लावाल त्याला एफ. सकाळी दुकान उघडलं की तो स्वतःचा पेनड्राइव्ह लावायचा. त्यामुळे एफ म्हणजे आपला, हे त्याच्या बोटांना पाठ झालेलं. तेव्हा व्हायरसचा नुसता सुळसुळाट होता, म्हणून रोज दुपारी तो एफ फॉरमॅट करून साफ करायचा. डोळे रस्त्यावर असले तरी हात आपले चालू.

होळी आठ दिवसांवर आलेली. पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची संगिता मोबाइलचं मेमरी कार्ड घेऊन आली, सोबत तिची आई रुख्मिणीबाई. संगिताचे वडील भावसिंग होळीला लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, गायचे. तांड्यावर फेर धरला की पहिला आवाज त्यांचा. दिवाळीनंतर ते वारले. संगितानं त्यांच्या शेवटच्या वर्षभरात त्यांची एक्केचाळीस रेकॉर्डिंगं केली होती आणि ती या कार्डाशिवाय कुठंच नव्हती. त्यांची सीडी करायची, म्हणजे होळीला घरात त्यांचा आवाज असेल, एवढंच रुख्मिणीबाईंचं मागणं. कार्ड देऊन दोघी बाजाराला गेल्या.

धम्मानंदनं कार्ड रीडरमध्ये घालून लावलं आणि लाइट गेली. स्वतःचा पेनड्राइव्ह खिशात टाकून तो घरी जेवायला गेला. परत आला, लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला. कार्ड आधीच लावलेलं होतं, म्हणून एफ त्याला मिळालं. मागून लावलेल्या पेनड्राइव्हला मिळालं जी. धम्मानंदनं पाहिलंच नाही. सवयीनं एफ फॉरमॅट केला आणि डेअरीची एक लांबलचक यादीही त्यावर टाकून दिली. मग गाणी शोधायला जी उघडला, तर आत त्याच्याच कालच्या फायली.

मी बाकावर बसलो होतो. त्यानं घाईघाईनं एफ उघडला, तर आत नुसती डेअरीची यादी. मी हळूच म्हणालो, "कार्डच खराब निघालं म्हण. कुणाला कळतंय?" हे बोललो याची मला आजही लाज वाटते.

दोघी आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला. "मावशी, माह्या हातानं पुसल्या गेलं. कार्डाची चूक न्हाई, माही हाय."

"पुसल्या गेलं म्हंजे?" रुख्मिणीबाई पायरीवर बसल्या. "मानूस गेला. आता आवाजबी गेला का, बापू?"

त्यानं कार्ड काढून घेतलं आणि त्यावर एक अक्षरही आणखी लिहू दिलं नाही. पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर त्यानं हिंगोलीहून आणलं आणि तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. ज्या जागेवर डेअरीची यादी बसली होती तिथलं काही हाती लागलं नाही. बाकीचंही तुटकंच निघालं. एक्केचाळीसांतली सतरा सापडली, तीही बिननावाची. त्यानं दोघींना बोलावून घेतलं.

एकेक फाईल तो लावत गेला. कुठं गाणं मध्येच तुटायचं, कुठं नुसती खरखर. रुख्मिणीबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

शेवटची फाईल गाण्याची नव्हती. भावसिंग त्यांच्या गोरबोलीत बायकोवर ओरडत होते, चहा गार झाला म्हणून. मागं भांड्यांचा आवाज, संगिताचं हसणं, आणि संपलं.

संगिता ओशाळली. "दादा, हे चुकून झालं व्हतं. हे काढून टाका, सीडीत नको."

धम्मानंदचा हात माउसकडे गेला तसा रुख्मिणीबाईंनी तो मनगटाशी धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "गानं साऱ्या तांड्याचं व्हतं. हे मलाच बोलून राहिले."